‘दॅन’ नाही, ‘टू’

देवयानी मॅडम शाळेत इंग्रजी शिकवत; ‘प्रिफर’नंतर ‘टू’च, हा नियम मुलांकडून घोकून घेत, चुकीला माफी नसे. त्या दुपारी स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या गुरव सरांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि धीर करून म्हणाले, "मॅडम, आय प्रिफर यू दॅन एनीवन."

"दॅन नाही, टू," मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"सॉरी," म्हणत सर ओशाळून दाराकडे वळले. तेव्हा कुठे मॅडमच्या डोक्यात अर्थ शिरला. अगं मूर्ख बाई, इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिलीस, त्यालाच लाल शाई फासलीस? त्या धडपडत उठल्या. इंग्रजीचा एक शब्द आठवेना.

"अहो सर, थांबा!" अख्ख्या स्टाफरूमदेखत त्या ओरडल्या. "मलापण तुम्हीच आवडता!"

सर वळून हसले. "हे लगेच कळलं बघा."