कूलरची खिडकी

चंद्रपूरच्या परकोटात, जुन्या तटबंदीच्या आत, आमचं दीड खोलीचं घर. माणसं पाच, आणि वैशाखी पौर्णिमेच्या आसपास सहावं येणार. म्हणून बाजूच्या सांदीत एक खोली काढायची ठरवली. जागा आमचीच. मिस्त्रीनं दोरी ताणली ती थेट शेजारच्या इंदुताईंच्या भिंतीला चिकटून. त्यांच्या घराला एकच खिडकी, आमच्या सांदीत उघडणारी, आणि तिला कूलर लावलेला. इथल्या उन्हाळ्यात एक वेळ जेवण नसलं तरी चालतं, कूलर लागतोच. त्या भांडायला येतील म्हणून मी सकाळपासून उत्तरं घोकत होतो. त्या आल्या हातात पाना घेऊन, आणि कूलरच्या स्टँडचे नट खोलायला बसल्या. "ताई, हे काय करून राह्यले तुम्ही?" मी विचारलं. "खिडकीच बंद होते, तं मले कूलर काय कामाचा? तूच ने. लेकरू गर्मीत झोपन का?" पोटावर हात ठेवून दारात उभी असलेली माझी बायको मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, दोरी दोन फूट अलीकडे घ्या." "मंग पलंग मावनार नाई, बाई." "पाळणा मावते ना? झालं मंग." मी इंदुताईंच्या हातातून पाना घेतला. तीन नट निघाले होते. तिन्ही परत आवळले.