जबाबदार माणसं

वजनकाट्यावरून खाली उतरू का, हे विचारायची ठकीची छाती होईना. तिच्या डोक्यावरून दोन मोठी माणसं भांडत होती.

एक तिचे बाबा. त्यांचं सोफ्यांचं दुकान होतं आणि आपल्याखेरीज जगात कोणाला अक्कल आहे यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. दुसऱ्या होत्या आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई. शाळाशाळांतून जाड मुलं वेचायची, त्यांच्या आईबापांना सरकारी दवाखान्यात बोलवायचं आणि फैलावर घ्यायचं, हे काम खात्याने त्यांना नेमून दिलं होतं. बाईंना ते मनापासून आवडत असे.

"असं मूल एका दिवसात होत नाही," बाई म्हणाल्या. 'असं' म्हणताना त्यांनी पेनाचं टोक ठकीच्या पोटाकडे केलं. "कोण कोंबतं हिच्या तोंडात एवढं? सरकार येतं का तुमच्या घरी भरवायला?"

"शाळेत गोड सरबताचं मशीन मी बसवलं का?" बाबांनी आवाज चढवला. "खेळायच्या मैदानावर तुमच्याच खात्याचं गोदाम उभं आहे. मुलीने खेळायचं कुठे? तुमच्या टेबलावर?"

"शाळा हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही तिला गाडीने सोडता. लाज नाही वाटत?"

"चालायला रस्ता ठेवलाय का तुम्ही?"

ठकीची आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. नवऱ्याचं भांडण लांबणार हे तिला आवाजावरूनच कळायचं. तिने सवयीने पर्स उघडली, बिस्किटांचा पुडा काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"हे बघा! बघा!" डॉक्टरीणबाईंना आनंद लपवता येईना. "डोळ्यांदेखत! काट्यावर उभी असताना!"

बाबांनी पुडा ठकीच्या हातातून ओढला, उलटा केला आणि बाईंच्या नाकासमोर धरला. पाठीमागे आरोग्य खात्याचा गोल शिक्का होता. वाढत्या मुलांसाठी उत्तम, असं त्याखाली छापलेलं होतं.

"बघितलं," बाबा म्हणाले. "आता तुम्ही बघा."

बाईंचे कान लाल झाले. आजवर त्यांना कोणी असं गप्प केलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांचा आवाज एकदम थंड झाला. आईबाप नालायक आहेत असं त्यांनी कळवलं, तर मुलीला घरातून उचलून खात्याच्या वसतिगृहात ठेवता येत होतं. वर्षभर. तो अधिकार त्यांना होता, आणि तो वापरायला त्या मागेपुढे पाहणार नव्हत्या.

"न्या की," बाबा म्हणाले. "एवढं कळतं ना तुम्हाला? मग न्या आणि सांभाळून दाखवा. आठवड्यात हात जोडून परत आणाल."

"अहो, काय बोलताय!" आई उठलीच.

"आम्हाला काय हौस आली आहे?" बाई फणकारल्या. "असल्या मुलांचं करता करता आमची माणसं मेटाकुटीला येतात."

ठकी काट्यावरून उतरली. आकडा शून्यावर आला. तो कोणी पाहिला नाही, आणि तिलाही कोणी पाहिलं नाही. अर्धवट उघड्या दारातून ती बाहेर गेली. रडायला कोपरा हवा होता. लांबलचक बोळ संपला तिथे मागचं अंगण लागलं. सुई टोचून घ्यायला आलेली पाचसहा पोरं नंबर लागेपर्यंत तिथे पाण्याच्या टाकीभोवती शिवाशिवी खेळत होती.

ठकी भिंतीला टेकली. तेवढ्यात हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी धावत आली आणि तिच्या पाठीत थाप मारून गेली.

"तुझ्यावर राज्य!"

ठकीला आधी समजेचना. शाळेत तिला कोणी खेळायला घेत नसे. घेतलंच तर, तू नुसती उभी राहा, असं सांगत. ही मुलगी मात्र टाकीपलीकडून चक्क वाकुल्या दाखवत होती.

ठकी धावली. वाईट धावली. एक चप्पल सुटली, श्वास फुलला, फ्रॉक वर चढला. दोनदा कोणी हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा एक जण सापडला, आणि सगळ्यांनी एवढा गलका केला की तिला खदखदून हसू आलं. ओळखीची नसलेली ती पोरं तिला चुकवायला खरोखर जिवाच्या आकांताने पळत होती. थोड्या वेळाने राज्य पुन्हा तिच्यावर आलं. दुसरी चप्पल तिने स्वतःच भिरकावली.

आत रिकामा काटा प्रथम आईला दिसला. तिघंही धावपळ करत अंगणाच्या पायऱ्यांवर आली. ठकी लालबुंद झाली होती, वेणी सुटली होती, हात पुढे करून ती प्लास्टरवालीच्या मागे लागली होती.

"ठकी, पळू नकोस!" बाबा ओरडले. "धाप लागेल!"

"थांबवा तिला!" डॉक्टरीणबाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. "इथे काही झालं तर माझ्या अंगावर येईल!"

सकाळपासून दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलली होती.

ठकी थांबली. पोरंही थांबली. खेळ मोडलेला कोणालाच आवडला नव्हता. प्लास्टरवाली मुलगी पायऱ्यांपाशी आली आणि तिने मान वर करून त्या मोठ्या माणसांना सरळ विचारलं, "मग आता राज्य कोणावर?"

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी बाबांकडे पाहिलं.

"माझ्यावरच आहे," ठकी म्हणाली, आणि पुन्हा पळत सुटली.