सेनापतीची खाणावळ

“लेखकाने दोन खंड राक्षसांशी झुंजवलं आणि तिसऱ्यात मारूनच टाकलं त्या लंगड्या सेनापतीला,” वाचनालयात कादंबरीवरच्या चर्चेत एक काका तणतणले.

केतकीने शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघायचं टाळलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तो तिसरा खंड तिनेच त्यांना वाचून दाखवला होता. त्या रडल्या तर टाक्यांना त्रास होईल, या भीतीने तिने सेनापतीला जिवंत ठेवलं आणि घाटात खाणावळ काढून दिली. आता ते खोटं चारचौघांत उघडं पडणार होतं.

“पट्टी सुटल्यावर मी तो शेवट स्वतः वाचला,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “पण माझा सेनापती खाणावळच चालवतो. भाकऱ्या करपवतो.”

केतकीने आता त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडे झुकल्या.

“त्याला भाकरी जमायला लागली का गं? घरी गेल्यावर पुढचं वाच.”