जिभेचा उपास

मटण सोडणं सोपं होतं. पण फादर म्हणाले, "फिलोमिनाबाई, या उपवासकाळात जिभेला आवरा." जिच्या तोंडाला अख्खं मलकापूर टरकतं, तिनं राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासाच्या पहिल्याच दिवसापासून, सुनेला एक टोमणा मारला नाही. भाकरी करपली तरी "असू दे, बाई" एवढंच. बोलणं गिळून म्हातारी दिवसभर घरात येरझाऱ्या घालायची.

आज सून जेसिंता पिशवी भरून उंबऱ्यात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"कुठं गं निघालीस?"

"माहेरी. माझं काय चुकलं ते तरी सांगा, आत्याबाई. महिना झाला, परक्या बाईशी बोलावं तसं बोलताय."

फिलोमिनाबाईनं एकदा भिंतीवरच्या क्रुसाकडं बघितलं.



"ठेव ती पिशवी, भवाने! तिकडं माहेरात तुला शिव्या कोण घालणार हाय, तुझा बा?"