ओ कुणाला दिली

टेकडीपलीकडून हाळी आली तशी झिमाबाईनं रोजच्यासारखी ओ दिली आणि चुलीवर तवा ठेवला. बायकांनी घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढं यायचं, मेंढरांमागच्या गड्यानं हाळी द्यायची आणि ओ ऐकून पालाची दिशा धरायची, ही त्या मेंढपाळांची जुनी रीत.

मेंढरं आली. पुढच्या एडक्याच्या गळ्यातला यंत्राचा पट्टा तिच्या नवऱ्याच्या, म्हाकूच्या आवाजात हाळी देत होता. आवाज त्याच्या तरुणपणी भरलेला. तेव्हापासून कळप कधी वाट चुकला नव्हता. म्हाकू मात्र कुठं दिसेना.

दिवेलागणीला कुणीतरी काठीवर रेलत आलं. कुत्रं गुरगुरलं.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"आगं, मी," बसक्या आवाजात म्हाकू म्हणाला. "घळीत पडलो. दगडाखाली पाय अडकला. लई हाका मारल्या. तुजी ओ आली, म्हनून वाट बघत पडून ऱ्हायलो."

ओ आपण नक्की कुणाला दिली, झिमाबाईला काही केल्या उमगेना. आवाज तर दोन्ही त्याचेच. ती त्याचा सुजलेला पाय चाचपू लागली, तेवढ्यात मागं चुकार कोकराला बोलवायला पट्ट्यानं हाळी दिली.

हात म्हाकूच्या पायावर असतानाच तिच्या तोंडून ओ निघून गेली.