विशाखापट्टणमचा ताणा

नात धनश्रीचं लग्न झालं त्या वर्षी, दिवाळी आटोपल्यावर, ईश्वरदास आणि रुख्माबाई विशाखापट्टणमच्या वाळूवर सकाळी येऊन बसले होते. रुख्माबाई समुद्र पाहत होती. ईश्वरदास समुद्राला पाठ करून रस्त्यावरच्या मोटारी पाहत होता.

"नागपुरात मोटारा कमी हायेत का जी?" रुख्माबाई म्हणाली. "एवढ्या दूर आलो, जरा इकडं तोंड करा ना."

"पाणीच त हाय," ईश्वरदास म्हणाला. "अंबाझरी तलावात बी पाणीच असते."

नातजावई रेल्वेत होता. त्याची बदली या गावी झाली, तेव्हा धनश्रीनेच दोघांना बोलावून घेतलं. पण रुख्माबाई फक्त समुद्रासाठी आली नव्हती. लग्नात पाहुण्यांना जागा हवी म्हणून नागपुरात टिमकीतल्या घरातला हातमाग काढला होता. माग तसा बंदच होता, लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तरी ईश्वरदास रोज मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. खड्डा बुजला, वर फरशी बसली, आणि म्हाताऱ्याचं चित्तच उडालं. आधी हसणं गेलं, मग बोलणं, मग जेवण. अर्धी पोळी खाऊन ताट सारायचा. डॉक्टरने तपासलं, काही निघालं नाही. गल्लीतले लोक दबक्या आवाजात म्हणू लागले, ईश्वरदास हे वर्ष काढत नाही. रुख्माबाई मात्र खणखणीत. तिने ते ऐकलं आणि सामान बांधलं. माणूस जागचा हलला तर मनही हलेल, एवढीच तिची आशा.

तिची स्वतःचीही एक हौस होती. अराकूचे डोंगर आणि वाटेतली मोठी गुहा धनश्रीने तिला मोबाइलवर दाखवली होती. ते पाहून येते म्हणून ती गल्लीभर सांगून आली होती. आज तिथे न्यायला गाडी यायची होती. धनश्री रस्त्याच्या कडेला तिचीच वाट पाहत उभी होती.

वाळूवर कोळ्यांचं जाळं ओढणं चाललं होतं. समुद्रातून जाड दोरी निघाली होती, बाया-माणसं रांगेने ती धरून पावलापावलाने मागे येत होती. रांगेचं शेपूट सरकत सरकत ईश्वरदासच्या पुढ्यात आलं. दोरीचं टोक वाळूवर लोळत होतं.

"ढील पडून राहिली ना, गा!" तो एकदम ओरडला. उठला, आणि टोक धरून उभा राहिला.

टिमकीत पूर्वी सकाळी सकाळी गल्लीभर ताणा पसरून त्याला खळ लावत. मागावर चढायची ती उभी सुतं, घराच्या अंगणापेक्षा लांब. ज्याची वाट तिथून जाई त्याने न बोलावता टोक धरायचं आणि ताणा गुंडाळेपर्यंत सोडायचं नाही, अशी विणकरांची रीत. धरणाऱ्याने खांब व्हायचं. तो हलला की सुतं गुंतली.

ईश्वरदास खांब झाला. टाचा वाळूत रोवल्या, दात आवळले. पुढची माणसं दोरी ओढत मागे आली आणि एकेक करत त्याच्यावर आदळली. जाळं अडलं. तेलुगूत आरडाओरडा सुरू झाला.

रुख्माबाई धावली. "अजी, सोडा! ताणा नोहे तो!"

"धरला त सोडू कसा वं?"

एका धिप्पाड कोळणीने त्याला कमरेला धरलं आणि मागे चालवू लागली. दोन पावलं तो चालला, तिसऱ्याला वाळूत बूड टेकून बसला. दोरी हातातच.

मग ईश्वरदास हसला. आधी घशातल्या घशात, मग पोट धरून. कोळीण हसली, रांग हसली. कोणीतरी त्याला हात देऊन उठवलं. तो पुन्हा दोरीला लागला आणि आता मागे मागे चालू लागला. तोंड समुद्राकडे होतं.

"आजी, गाडी आली वं!" धनश्रीने रस्त्यावरून हाक मारली. "थांबत नाही म्हणते तो. आबाजीले घेऊन ये लवकर!"

रुख्माबाईने गाडीकडे पाहिलं. लांबवरच्या निळ्या डोंगरांकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे.

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "पहाड कुठी पळून नाही जात. हे आत्ताच वापस आले, पोरी. आत्ता यांले हलवू नको."

तिने पदर खोचला आणि नवऱ्याच्या मागे दोरीला हात घातला.

"जोर लाव वं, नुसती धरू नको," ईश्वरदास म्हणाला.

"मले शिकवता? आताच कोण बसलं होतं वाळूत?"

जाळं वर आलं तेव्हा वाळूवर चांदी सांडल्यासारखी मासोळी उसळली. कोळणीने ओंजळ भरून रुख्माबाईच्या पदरात टाकली. दुपारी धनश्रीच्या स्वयंपाकघरात सावजी मसाल्याचा रस्सा झाला. घरभर ठसका उठला. ईश्वरदासच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ताट पुसून खाल्लं आणि पुढे केलं.

"अजून टाक."

रुख्माबाईला भांडं नीट दिसेना. रश्शाचा ठसका लागला, असं ती धनश्रीला म्हणाली.

अराकूला ते दुसऱ्या दिवशी गेले. गुहेत रुख्माबाई लेकरासारखी हाका मारून स्वतःचाच आवाज ऐकत राहिली. घाटात ईश्वरदासने गाडीवाल्याला बोलून बोलून जेरीस आणलं.

ज्याचं वर्ष गल्लीने मोजलं होतं तो ईश्वरदास आजही टिमकीत दोन्ही वेळ पोटभर जेवतो. वारली ती खणखणीत रुख्माबाईच, २०२४ साली, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी.