दुसरा कागद
लंडनहून आलेल्या सुहासने सांगवीच्या घरात आईपुढे कागद पसरले. "एवढी सही कर. तू पोर्तुगीजांच्या गोव्यात जन्मलीस, म्हणून मला त्यांचं नागरिकत्व मिळेल. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यापासून पोरांना तिकडे नोकरी मिळत नाही." "इंग्रज झालास, तेवढ्यानं भागेना?" तिने टोमणा मारला. "आणि हा दुसरा कागद?" "तुमच्या लग्नाचा. लिस्बनच्या नोंदवहीत अण्णांचंही नाव चढवावं लागतं." तिचा हात थबकला. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीज शिपायांनी अण्णांचा गुडघा फोडला होता. पुढे पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं ते काठी टेकत शिफ्टला गेले. "ते असते, तर धजावला असतास?" सुहास मोबाइलमध्ये बघत राहिला. नातवंडांचे चेहरे आठवून तिने सही केली. उठताना सवयीने हात अण्णांच्या काठीकडे गेला. तो तिने मागे घेतला आणि भिंत धरत धरत आत गेली.